दंडारीतली सून

मी गोंदियाची. हे आधीच सांगून टाकते, कारण सासरी माझा पहिला गुन्हा तोच ठरला. वडील रेल्वेत कामाला, घर स्टेशनाजवळ, शेजारपाजार अर्धा हिंदी बोलणारा. मी चार इयत्ता शिकलेली, शिवणकाम येणारी आणि तंबूतला बाइस्कोप तीनदा पाहिलेली. या तिन्ही गोष्टींचा मला भयंकर गर्व होता. सोळाव्या वर्षी लग्न झालं. अर्धी वाट छोट्या गाडीनं आणि पुढची बंडीत हाडं खिळखिळी करून घेत मी नवेगाव बांधाच्या पलीकडच्या एका गावात येऊन पडले. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि मधे तलाव. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधत आलेली, शेती करणारी. घरात नवरा, दोन बैलजोड्या आणि सासू.

सासूला मी मामीजी म्हणायची. विधवा, पन्नाशीच्या आसपास, अंगानं वाळलेली, जिभेनं नाही. तिनं मला कधी नावानं हाक मारली नाही. भात जरा मऊ झाला की, "गोंदियावाली, हे कोन्या बिमार मानसासाठी रांधलं?" लवकर उठले की, "गोंदियावाली, आज गाडी धरायची हाय का?" चुलीत लाकूड आडवं घालावं की उभं, यावरूनसुद्धा आमचं बोलणं दोन-दोन दिवस बंद पडायचं. मीही काही कमी नव्हते, तिच्या एका शब्दाला माझे दोन तयार असत. आमचं सूत जमलं ते एकाच गोष्टीवर, आणि ती गोष्ट म्हणजे एक परका तरणा माणूस होता.

तो दंडारीत काम करायचा. दिवाळी आटोपली की आमच्या भागात मंडया, म्हणजे जत्रा, भरतात. आज या गावची, उद्या त्या गावची, असं पंधरा-वीस दिवस चालतं. हलका, लवकर पिकणारा धान कापून घरात आलेला असतो, लेकी माहेरी आलेल्या असतात, बांगड्यांची, मिठाईची दुकानं मांडली जातात आणि दुपारी गावाबाहेर तलावाकाठच्या मोकळ्या आखरावर दंडार उभी राहते. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीचं नाटक. पडदा नाही, मंच नाही. ढोलकी, टाळ, डफ, गाणारे आणि सोंगं घेणारे. बाईचं सोंगही पुरुषच घेतो.

पहिल्या वर्षी मी नाक मुरडूनच गेले होते. बाइस्कोप पाहिलेली मी, मला या धुरळ्यात काय दिसणार? आमच्या गावच्या मंडईत तलावापलीकडच्या गावची दंडार दरवर्षी येत असे. लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन एक जण पुढं आला तेव्हा मी मामीजीच्या कानात म्हटलं, "हा तर गडी माणूस आहे." तिनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की दोन दिवस निळं राहिलं.

खेळ असा होता. एक गाव तलाव बांधतं. मातीची पाळ उंच घातली, दगड लावले, तरी पाणी ठरत नाही. पुजारी सांगतो, तलावाला घरची सून पाहिजे. सासरा तयार होतो. नवरा खाली मान घालून उभा राहतो. सुनेला नटवून, हळदकुंकू लावून पाळीवर नेतात. तिथं ती डोक्यावरचा पदर मागं टाकते, अंबाडा सोडते आणि केस मोकळे करते. खरे केस, कमरेपर्यंत येणारे. त्यासाठी तो बाराही महिने केस राखत होता. मग ती सासऱ्याकडं पाहत नाही, नवऱ्याकडं पाहत नाही. थेट आमच्याकडं, बायका बसल्या होत्या तिकडं वळते आणि साध्या आवाजात विचारते, "तलावाले सूनच काऊन लागते? पोरगा काऊन नाही चालत?"

ढोलकी थांबलेली असायची. उत्तर कोणी देत नसे. मग ती पाण्यात उतरायची.

मी सहा महिन्यांची नवी सून. माझ्या अंगावर काटा आला. शेजारी पाहिलं तर मामीजी पदरानं डोळे पुसत होती. माझं लक्ष गेलेलं पाहून म्हणाली, "पाह्यलं, गोंदियावाली? तुह्या बाइस्कोपात बोलतात का असं?" माझा बाइस्कोप मुका होता, तेव्हा मला गप्पच बसावं लागलं. त्या दिवसापासून आम्ही दोघी त्याच्या झालो.

आता असं पाहा, पुढची मंडई वर्षानं. मधल्या दिवसांत माणसानं काय करायचं? आम्हाला बातमी लागे, आणि बातमी मासळीच्या टोपल्यातून येई. नवेगावच्या तलावावरची एक ढिवरीण मावशी आठवड्यातून दोनदा आमच्या गावात मासळी विकायला यायची. तिची लेक त्याच्याच गावात दिलेली. त्यामुळं त्याच्या घरी काय शिजलं इथपर्यंत मावशीला ठाऊक असे. झिंगे मोजता मोजता ती सांगायची. धानाच्या रोवणीत त्याच्या पायाला काच लागली. त्यानं चिंच खाल्ली म्हणून आवाज बसला होता, आता बरा आहे. त्याची आई वारली, बाप आहे, बाप दंडारीत डफ वाजवतो. लग्नाचं चाललं आहे, पण पोरगी पाहायला गेले तर पोरीचे केस त्याच्याहून आखूड, म्हणून मोडलं. या शेवटच्या बातमीवर मामीजी इतकी हसली की तिला ठसका लागला.

बातमी मोठी असली की ती जास्त मासळी घ्यायची. नवरा जेवायला बसला की विचारायचा, "आजबी झिंगेच?" आम्ही दोघी एकमेकींकडं न पाहता वाढत राहायचो. त्या बिचाऱ्यानं दोन पावसाळे झिंगे खाल्ले ते एका परक्या माणसाच्या पायाला काच लागली म्हणून.

एकदा तर तो आमच्याच शिवारात आला. पाळ फुटली होती, आजूबाजूच्या गावांतले गडी मातीकामाला बोलावले होते. आम्ही दोघी काही काम नसताना दोन-दोन घागरी घेऊन पाण्याला निघालो. तो धोतर खोचून, चिखलात गुडघ्यापर्यंत उभा, केसांची गाठ डोक्यावर बांधलेली. दंडारीतली ती डौलदार मान इथं टोपलं उचलत होती. आणि बिडी ओढत होता. परत येताना मी म्हटलं, "मामीजी, तो बिडी ओढतो. आवाजाचं वाटोळं होईल." ती म्हणाली, "बिडी कुठची? तो चुलीचा धूर होता." मी म्हटलं, "पाळीवर चूल कुठून आली?" त्यावर तिनं महिनाभर मला सुनावलं की शहरातल्या पोरींचे डोळे कमजोर असतात. आपला तो बाब्या, दुसरं काय.

तिसऱ्या वर्षी मावशीनं एक बातमी आणली ती सगळ्यांत मोठी. सुनेचा तो सवाल मूळच्या खेळात नव्हता. जुन्या खेळात सून गाणं म्हणत मुकाट्यानं पाण्यात जाते. सवाल त्यानं आपल्या मनानं घातला होता. गावच्या म्हाताऱ्यांना तो आवडत नव्हता. तलाव बांधणाऱ्यांचं गाव ते, त्यांना वाटे की हा पोरगा पूर्वजांना नावं ठेवतो. दंडारीचा म्होरक्याही नाराज होता. पण लोक त्याच एका वाक्यासाठी चार कोसांवरून येत होते, त्यामुळं सगळे चूप होते. मामीजीनं ऐकता ऐकता हातातला झिंगा टोपल्यात परत टाकला. मग म्हणाली, "म्हनजे हा गेला का सवालबी गेला."

मधे एक गोष्ट सांगायची राहिली. दुसऱ्या पावसाळ्यात मामीजीला ताप आला. आठ दिवस उठवेना. केसांत गुंता झाला म्हणून मी तिला भिंतीला टेकून बसवलं आणि पदर काढून फणी घेतली. तोवर मी तिचं डोकं उघडं पाहिलंच नव्हतं. विधवा बाई, पदर कपाळापर्यंत, झोपतानाही तसाच. केस सोडले तर ते खाटेवरून खाली लोंबले. कानाशी चार पांढरे, बाकी सगळे काळेभोर, जाड. माझी वेणी त्यापुढं उंदराची शेपूट. मी म्हटलं, "मामीजी, एवढे केस?" तापातसुद्धा तिनं पदर ओढून घेतला. "असून काय करू? पाहते कोन?" म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

चौथ्या वर्षी दसरा झाला आणि मावशी टोपलं न उतरवताच दारात उभी राहिली. त्याचा बाप गेला होता. शेतात पान लागलं. साप चावला असं आमच्याकडं कोणी उघड म्हणत नाही, पान लागलं म्हणतात.

आम्हाला दोघींना आधी त्या म्हाताऱ्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. डफ छान वाजवायचा. पण त्याच्या पाठोपाठ जो विचार आला तो दोघींच्या तोंडावर एकदमच उमटला असणार, कारण मावशीनं मान हलवली. "हो ना. दहाव्याले केस उतरवा लागतील. एकुलता एक पोरगा हाय."

दहावा झाला. केस गेले. म्होरक्या म्हणाला, बाप जन्मभर दंडारीत वाजवत होता, तेरावं झाल्यावर दंडार करायला हरकत नाही, त्याच्या आत्म्याला बरंच वाटेल. त्यामुळं सुतकाचा प्रश्न उरला नाही. प्रश्न केसांचाच उरला. बाकीच्या दंडारींत बाईचं सोंग घेणारे अंबाडीच्या वाखाचे केस काळे करून लावत. पण गोरेगावकडच्या एका मंडईत भर खेळात राणीचे वाखाचे केस ढोलकीवाल्याच्या मांडीवर पडले होते, आणि तो गडी जिकडं जाईल तिकडं लोक त्याला अजून अंबाडी म्हणून हाक मारत. आणि इथं तर पाळीवर केस मोकळे सोडायचे होते. सगळा खेळ तिथं येऊन थांबायचा. त्यानं सांगून टाकलं, "मी वाख लावून उभा राहनार नाही. लोक हासतील आन सवाल वाया जाईल."

म्होरक्याला आयतंच झालं. त्यानं सुनेचं काम आपल्या भाच्याला देऊन टाकलं. भाच्याचा आवाज घोगरा, पण तो जुन्या वळणानं गाणं म्हणत पाण्यात उतरायला राजी होता. सवाल काढून टाकला. आणि इकडं त्याच्या काकानं पोराला सांगितलं, केस गेले ते बरं झालं, आता पुन्हा राखायचे नाहीत, बापाच्या जागी घर सांभाळायचं. आमच्या गावची मंडई तेव्हा चौदा दिवसांवर होती.

त्या दिवशी आमच्या घरी भात करपला, आणि तो मी नव्हता करपवला.

संध्याकाळी मी मामीजीला म्हटलं, "माझी वेणी कापून देते. होईल तेवढं होईल." खरंच म्हटलं, तोंडदेखलं नाही. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी दोन पावलं मागं सरले. "नवरा जिता हाय तुहा. सवाशीण बाई केसाले कात्री लावते का? अक्कल गोंदियाले ठेवून आली काय?" मी चिडून आत निघून गेले. चांगलं करायला जावं आणि शिव्या खाव्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कापणीला गेला. मामीजीनं मला ढेकीच्या खोलीत बोलावलं. धान कांडायची ढेकी होती तिथं, उजेड येईल एवढा झरोका आणि कडी लावता येईल असं दार. ती ढेकीच्या लाकडावर पाठमोरी बसली होती आणि पदर खांद्यावर होता. केस धुतलेले, विंचरलेले, मानेशी एका दोऱ्यानं घट्ट बांधलेले. म्हणाली, "तुही शिवनाची कात्री आन."

मला कळलं. मी म्हटलं, "मामीजी, सुनेचं सोंग आहे. सवाशिणीचं. त्यावर विधवेचे केस? लोकांना कळलं तर अपशकुन म्हणतील, दंडारच उठवतील." ती मागं न वळता बोलली, "त्या सुनेले तलावात बुडवून राहिले, तो कोनता शकुन हाय? काप."

मी कापले. सोपं गेलं नाही. केस जाड होते आणि माझी कात्री कापडाची. करकर आवाज येत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि नीट दिसत नव्हतं म्हणून एका बाजूनं वाकडं कापलं गेलं. शेवटची बट सुटली तेव्हा ती मानेवरून हात फिरवत म्हणाली, "हलकं लागून राहिलं व." बस, एवढंच. मग पदर कपाळापर्यंत ओढला आणि चुलीकडं गेली.

पुढचं काम माझं. काळ्या कापडाची घट्ट टोपी शिवायची आणि तिला बाहेरून केसांच्या बारीक बारीक बटा टाचायच्या, एकावर एक, म्हणजे पदर मागं टाकला तरी कापड दिसू नये. पण डोक्याचं माप कुठून आणायचं? मी नवऱ्याचं घेतलं. तो जेवत असताना मागून दोरी गुंडाळली. त्याला वाटलं बायको आपल्यासाठी टोपी शिवते आहे. इतका खूश झाला की दोन दिवस झिंग्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. "कोनत्या रंगाची?" म्हणाला. मी म्हटलं, "काळी." ती टोपी त्याला मिळाली नाही ती नाहीच. म्हातारपणीसुद्धा कधी आठवण झाली की विचारायचा, "तू माहं माप घेतलं होतं, त्याचं काय झालं?" मी म्हणायची, "कापड कमी पडलं."

सहा दिवस मी ढेकीच्या खोलीत बसून टाचत होते. बोटांना भोकं पडली. मामीजी दाराशी धान पाखडत राखण करायची आणि मधून मधून आत येऊन टाका तपासायची. "हे ढिलं हाय. पानी लागल्यावर सुटंल." मी म्हणायची, "मग तुम्हीच करा." ती म्हणायची, "मले आलं असतं तर गोंदियाहून सून कायले आनली असती?" चार वर्षांत तिनं माझी केलेली ही पहिली स्तुती. मी टाका उसवून पुन्हा घातला.

मावशी आली तेव्हा टोपी पळसाच्या पानांत गुंडाळून, वर फडकं बांधून तयार होती. मावशीनं ती टोपल्यात ठेवायला घेतली तर मामीजीनं तिचा हात धरला. "कमरेले बांध. माह्या केसाले मासळीचा वास लागला तर टोपलं तुह्याच डोक्यावर उलटं करीन." मावशीनं तिच्या पदराकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि गाठोडं कमरेला खोचलं. मामीजी म्हणाली, "त्याले सांगजो, कोनाचे म्हनून विचारू नोको. सवाल मात्र विसरू नोको."

त्यानंतर मावशी आलीच नाही. तिच्या नातवाला ताप होता हे मागाहून कळलं. पण तेव्हा आमचा जीव टांगणीला लागला. त्यानं टोपी घेतली की नाही? डोक्यात बसली की नाही? काकानं पाहिली असेल तर चुलीतच घातली असेल. मला तर वाटायला लागलं की हे हात दाखवून अवलक्षण झालं. मामीजीचे केसही गेले आणि सवालही गेला. ती बायकांबरोबर तलावावर अंघोळीला जाईना, गुडघे दुखतात म्हणाली. तिच्या अंघोळीचं पाणी विहिरीवरून मी ओढायचं. पुढं चार महिने ओढलं, पण त्या सात दिवसांत जेवढं जड लागलं तेवढं नंतर लागलं नाही.

मंडईच्या दिवशी आम्ही जेवणं उरकून लवकर गेलो आणि पुढं बसलो. शेजारची एक जाऊ लागणारी बाई येऊन टेकली. तिचा जीव दुसऱ्याच एका गावच्या नाच्यावर, त्यामुळं आमचं तिच्याशी कधी पटलं नाही. ती बसता बसता म्हणाली, "ऐकलं का, औंदा तुमचा तो नाही म्हनतात. टक्कल केलं ना त्यानं." मामीजीनं पदर कपाळावर आणखी पुढं ओढला.

खेळ सुरू झाला. सासरा आला. पुजारी आला. आणि नवऱ्याच्या सोंगात कोण आलं, तर म्होरक्याचा भाचा. मी मामीजीचा हात पकडला, आणि तिनं तो सोडवून घेतला नाही. भाचा नवरा झाला होता, म्हणजे सून दुसरं कोणीतरी होतं. मग हिरवं लुगडं दिसलं. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, चेहरा दिसेना. पण चाल ओळखीची होती. पहिला शब्द ऐकला आणि मी मामीजीचा हात सोडला. केसांची टोपी पाहून म्होरक्यानं सुनेचं काम त्यालाच परत दिलं होतं, हे मावशीकडून मागाहून कळलं.

आता पाळीची भीती. सगळं माझ्या टाक्यांवर आलं होतं. सुनेला हळदकुंकू लावलं, ढोलकी चढत गेली, ती पाळीवर उभी राहिली. पदर मागं पडला. पुढच्या बाजूनं एक काळी बट कानाशी नीट बसलेली होती, कापड कुठं दिसलं नाही. तिनं अंबाडा सोडला आणि मान मागं झटकली. मी डोळे मिटले. लोकांतून एक लांब हुंकार आला तेव्हा उघडले.

केस कमरेच्याही खाली गेले होते. दुपारचं ऊन त्यावर पडलं होतं. एका बाजूला किंचित वाकडे कापलेले होते, ते मलाच कळलं. ती आमच्याकडं वळली. यावेळी आवाज नेहमीपेक्षा हळू होता, बाप गेल्याला महिनासुद्धा झाला नव्हता.

"तलावाले सूनच काऊन लागते? पोरगा काऊन नाही चालत?"

दरवर्षी इथं शांतता असायची. त्या वर्षी आमच्या मागून कुठूनतरी एक म्हातारी बोलली, "सांगा ना आता." मग दुसरी कोणी, मग चार-पाच जणी. म्होरक्यानं ढोलकीवाल्याला खूण केली, पण ढोलकीवाला बायकांकडं पाहत बसला होता. सुनेचं सोंग घेतलेला तो माणूसही क्षणभर थांबला. आणि मग जे चार वर्षांत कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. तो पाण्यात उतरला नाही. पाळीवरच बसला, केस तसेच मोकळे ठेवून, उत्तराची वाट पाहत. खेळ तिथंच संपला. म्होरक्याला आरती उरकून घ्यावी लागली.

जाऊ लागणारी बाई मामीजीला म्हणाली, "बाप्पा, केस उतरवले होते ना त्यानं? महिन्याभरात एवढे कुठून आले?"

मामीजी उठता उठता म्हणाली, "असतील कोनाचे."

परत येताना आम्ही दोघीच होतो. नवरा मंडईत मिठाईच्या दुकानापाशी रेंगाळला होता. दोन्ही बाजूंना उशिरा पिकणारा जड धान अजून उभा होता, कापायला पंधरा दिवस अवकाश होता. मामीजी पुढं चालत होती. बांधीच्या मातीच्या धुऱ्यावर चढताना ती थांबली.

"गोंदियावाली," ती म्हणाली, "लग्न होऊन आलो तवापासून पदराखाली होते. चाळीस वर्सं. आज पाह्यले लोकाईनं."

मी तिच्या हातातलं पाण्याचं भांडं घेतलं. ती पुन्हा चालायला लागली, आणि दहा-बारा पावलांवर पुन्हा थांबली.

"पन तेल कमी लावून राहिला तो. कोरडे दिसत होते. मावशी आली का सांगजो तिले, जवसाचं नोको म्हना, तिळाचं लावजो."